मागची काच

आमच्या घरात सगळं डब्यात असायचं. पीठ, डाळी, साखर कुणाच्याही घरात डब्यातच असतात. आमच्याकडे मात्र आईच्या सुया, बाबांचा जादा चष्मा, माझी शाईची दौत, देवाच्या वाती, पाहुण्यांसाठी राखलेल्या सहा कपबश्या, प्रत्येकाला आपापला डबा होता, आणि त्याचं झाकण नीट बसलं आहे ना हे आई येताजाता अंगठ्यानं दाबून पाहायची. याचं कारण भिवंडीतली आमची गल्ली. दोन्ही बाजूंना कापड विणणाऱ्या लूमचे कारखाने, आणि त्यांतून सुताचा बारीक पांढरा केर सारखा हवेत यायचा. खिडकीच्या गजांवर, दोरीवरच्या कपड्यांवर, उघड्या राहिलेल्या पुस्तकाच्या पानांवर तो मऊ थरासारखा बसे. आम्ही त्याला नुसतं 'सूत' म्हणायचो. "सूत बसलंय, झटकून घे," हे वाक्य मी लहानपणी जेवढं ऐकलं तेवढं दुसरं कुठलं ऐकलं नसेल.

लूमच्या आवाजाचं मला कधी काही वाटलं नाही. त्याच आवाजात मी पाढे पाठ केले, त्याच आवाजात अकरावीत गेले. जाग यायची ती आवाज थांबला की. वीज गेली की सगळी गल्ली एकदम मुकी व्हायची आणि मग खालच्या मजल्यावरच्या शबानाभाभींची बोलणी, कुकरच्या शिट्ट्या, नळावरची भांडणं असं सगळं ऐकू यायचं. शुक्रवारी लूम बंद. त्या दिवशी हवा धुतल्यासारखी असायची. आई शुक्रवारी पापड वाळत घालायची, तिखट चाळायची, वालाला मोड आले असतील तर दारात बसून ते सोलायची. आमच्या बिरड्याला शुक्रवारचा वास होता असं मी आजही म्हणते, आणि बाबा आजही हसतात. आई जाऊन आता आठ महिने होतील. बिरडं मी करते, पण वाल सोलताना दारात बसत नाही.

बाबा जवळच्या कोन गावातल्या एका साइझिंगमध्ये कारकून होते. विणण्याआधी ताण्याच्या, म्हणजे उभ्या, सुताला खळ लावून वाळवतात, म्हणजे ते लूमवर तुटत नाही. हे काम जिथं होतं ते साइझिंग. ती जागा पाटीलकाकांची होती. काका कोनचेच, बापजाद्यांची भातशेती आणि खाडीकाठची जमीन असलेले. उंच, काळेसावळे, पांढऱ्या लेंग्यातले, आणि बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवणारे. त्यांची एक जुनी पांढरी मोटार होती, गोल पाठीची. कल्याण रस्त्यावर कुणीही हात केला की ती थांबायची. बाबांना तिनं किती वेळा घरी सोडलं असेल याला गणती नाही. काकांची बायको वारल्यापासून दर खंडेनवमीला त्या मोटारीला हळदकुंकू लावायचा मान माझ्या आईचा होता. "वहिनी, तुमच्याबिगर गाडी चालू व्हत न्हाय," असं ते म्हणायचे, आणि आई लाजून पण ठामपणे पुढे होऊन बॉनेटवर पाच बोटं उमटवायची. चौथीपर्यंत शिकलेल्या माझ्या आईला चारचौघांत पुढे व्हायला लावणारा तो वर्षातला एकच दिवस होता.

त्या वर्षी काकांच्या डोळ्यांचा पडदा खराब झाल्याचं निघालं. डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही असं सांगितलं आणि मुलानं पडघ्याच्या एका माणसाला ती विकून टाकली. पुढे काही दिवसांनी काका एक मोठं खोकं घेऊन आमच्याकडे आले. मुलाच्या गोडाऊनमध्ये परदेशी खेळण्यांचा फुटका माल आला होता, त्यातलं ते होतं. वर जपानी अक्षरं आणि एका गोल पाठीच्या मोटारीचं चित्र. आत प्लॅस्टिकच्या जाळ्यांना जोडलेले शंभर-सव्वाशे तुकडे. ते सुटे करून, चिकटवून, रंगवून वीतभर लांबीची मोटार करायची.

"आमच्या गाडीची मावसबहीण हाय का न्हाय?" काकांनी खोकं डोळ्यांच्या अगदी जवळ धरून विचारलं. "बाय, तुजा हात हलका हाय. बाबाचा चष्मा तू जोडतं, मना ठावं हाय. खंडेनवमीपोत करून दे. औंदा पूजेला गाडी न्हाय माजेकडं."

"त्यात काय, देते की," मी म्हणाले. मला वाटलं होतं कागदी घरं करते तसंच हे.

दीड महिना मी कॉलेजातून आले की त्या टेबलाशी बसायची. सुटे भाग नेलकटरनं कापायचे, कड कानशीनं घासायची, चिकटवायचं, आणि सूत बसायच्या आत झाकून ठेवायचं. सांगाडा झाला, आसनं झाली, इवलं स्टिअरिंग झालं. पांढरा रंग शुक्रवारी दिला. काचा मात्र मी शेवटी ठेवल्या, कारण मला त्यांची भीती वाटत होती. बाकीचं प्लॅस्टिक जाड आणि सोशीक होतं. हे पारदर्शक प्लॅस्टिक कडक आणि ठिसूळ. कापताना जरा वाकडा दाब पडला की आत पांढरी रेघ उमटायची, आणि ती रंगानं झाकता यायची नाही. दुसऱ्या कुठल्याही तुकड्यावरची चूक लपते, काचेवरची दोन्ही बाजूंनी दिसते. पुढची काच एकच, मागची एकच. खोक्यात जादा काही नव्हतं. म्हणून मी त्या कडेनं धरून, श्वास रोखून कापल्या आणि एका बशीत ठेवल्या. हे कडेनं धरायचं मी घरात कुणाला सांगितलं नाही. सांगायला हवं, हे सुचलंच नाही.

नवरात्राआधी आईनं घर साफसफाईला काढलं. डबे घासले, पितळ उजळलं, देव्हारा पुसला. टेबलावरची बशी तिला दिसली. त्यात माझ्या दोन काचा, आणि वर एका दिवसाचं सूत. ती तेव्हा बिरड्यासाठी नारळ खवत होती. विळीवरून उठून तिनं त्या काचा पदरानं पुसल्या, चिमटीत धरून उजेडाला लावून पाहिल्या आणि स्वच्छ झाल्याची खात्री करून परत ठेवल्या. हे मला नंतर कळलं. तेव्हा त्या मला लख्ख दिसल्या आणि मी मनात म्हटलं, बरं झालं, यांच्यावर सूत बसलेलं नाही.

खंडेनवमीला पाच दिवस होते. शुक्रवार आला. लूम बंद, हवा स्वच्छ, मी कॉलेजला दांडी मारलेली. दुपारभर काचा आपापल्या जागी बसवून पाहिल्या आणि संध्याकाळी झटक्यात चिकटणाऱ्या त्या छोट्या ट्यूबमधला एकेक थेंब टाचणीच्या टोकानं कडेला लावून पुढची आणि मागची काच चिकटवली. इतकं सुंदर बसलं होतं ते! बाबांनी मोटार हातात घेऊन सगळ्या बाजूंनी पाहिली. "आता नुसती हेडलाइट्सची भिंगं राहिली," मी म्हणाले. शनिवारी पहाटे लूम सुरू होणार आणि ओल्या चिकट कडांवर सूत बसणार, म्हणून मी आईचा सर्वांत घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा मागून घेतला, चकलीचा. त्यात मोटार ठेवली, झाकण लावलं आणि आईच्याच सवयीनं अंगठ्यानं चहूकडून दाबून पाहिलं.

सकाळी झाकण उघडलं तर मोटारीच्या दोन्ही काचा पांढऱ्या झाल्या होत्या. धुकं आल्यासारख्या. त्या चिकटवणीची वाफ असते आणि कोंडली की ती पारदर्शक प्लॅस्टिकवर जाऊन बसते, हे मला ठाऊक नव्हतं. उघड्यावर ठेवली असती तर फार काही झालं नसतं. पण भिवंडीत उघड्यावर कोण काय ठेवतं? त्याहून वाईट म्हणजे ती वाफ जिथं तेलकट हात लागलेला असेल तिथं आधी बसते. मागच्या काचेवर, आतल्या बाजूनं, अंगठ्याचा एक पूर्ण ठसा उमटला होता. एकात एक गेलेल्या रेषा, आणि त्यांना आडवी कापत गेलेली एक तिरकी रेघ. आईच्या अंगठ्यावरची ती विळीची खूण मी जन्मापासून ओळखत होते.

"तू हात लावलास काचांना?"

आई देवापुढच्या माळेची फुलं ओवत होती. "सूत बसलं होतं गं. पुसून ठेवल्या."

"हे बघ काय केलंस! तुला कळत नाही ना यातलं, मग कशाला सगळ्याला हात लावतेस?"

ती जवळ आली. तिनं डब्यात वाकून पाहिलं आणि पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर रागही नाही, दुःखही नाही, नुसतं नवल आलं. "हा माझा अंगठा का गं?" तिनं विचारलं. मग माझ्याकडे पाहिलं आणि ते नवल मावळलं. "नाही लावणार हं पुन्हा," एवढंच म्हणून ती माळेकडे गेली.

चूक माझी होती. काचा धुवायच्या माझ्याकडून राहिल्या होत्या, ट्यूब मी वापरली होती, झाकण मी दाबलं होतं. त्या वयात हे तासाभरातच कळलं होतं, पण बोलून दाखवायला तेव्हा जीभ उचलली नाही. आईनं आपला शब्द मात्र पाळला. रविवारी माझ्या टेबलावर सूत साचलं, तिनं पुसलं नाही. माझी पुस्तकं तशीच राहिली. वाढताना ताट माझ्या पुढ्यात ठेवून ती हात लगेच मागे घ्यायची. बाबांच्या ते लक्षात आलं होतं, पण बाबा बोलायच्या आधी दोन दिवस घेणारे.

रविवारी संध्याकाळी पाटीलकाका चौकशीला आले. लपवण्यात अर्थ नव्हता. मी डबा त्यांच्यापुढे केला आणि म्हणाले, "काका, काचा बिघडल्या. माझ्याकडून."

त्यांनी मोटार उचलली, नाकाला लावली, पुढच्या काचेतून पाहायचा प्रयत्न केला. मग ते हसायलाच लागले. "अगो बाय, मना असाच दिसतंय! बराबर केलंस की. डॉक्टरला दाखवाला नेतो. म्हनतो, बघ रं, ह्याच काचेतून मी गाडी हाकीत व्हतो."

बाबा हसले, मला हसू आलं नाही. "तीन दिवसांत होईल का?" मी कुणाला उद्देशून म्हणाले कोण जाणे. "आधी काच सुटायला हवी. ओढली तर तडकेल."

दाराच्या चौकटीत आई उभी होती. हात पदरात. "बोलू का?" ती म्हणाली. परवानगी मागितल्यासारखी. "साडीवर मेणबत्तीचं मेण पडलं तर मी बर्फ लावते. थंडीनं कडक होतं आणि टक्कन सुटतं. हेही तसंच कडक झालेलं असेल, तर..."

आमच्याकडे फ्रीज नव्हता. आई स्वतः डबा घेऊन खाली गेली, मी मागोमाग.

"भाभी, फ्रीजर में थोडी जगह मिलेगी क्या? दो घंटा."

"क्या रखना है, मच्छी?"

"गाडी," आई म्हणाली.

शबानाभाभींनी डब्यात डोकावून पाहिलं. "या अल्लाह! अब मेरे घर में पार्किंग भी होगी?" त्यांनी खिम्याची पिशवी सरकवली, बर्फाचा ट्रे बाहेर काढला. "ले, माधवी, लगा दे. हॉर्न मत बजाना."

दोन तासांनी मी पुढच्या काचेखाली ब्लेडचं टोक हलकेच सरकवलं आणि ती टक्कन सुटली, अगदी आईनं म्हटलं तशी. मागची मात्र सुटेना. पुन्हा दोन तास ठेवली, पुन्हा प्रयत्न केला. एका कोपऱ्यातून इतका बारीक आवाज आला की मी ब्लेड टाकून दिलं. अजून जोर केला असता तर ती दुभंगली असती. तिला आहे तिथंच राहू द्यायचं ठरवलं.

मग त्या रात्रीपासून मंगळवारपर्यंत मी काच घासली. आधी सगळ्यात बारीक पॉलिशपेपर पाण्यात भिजवून, काच पाण्याखालीच धरून, एकाच दिशेनं. तेव्हा ती आणखीच पांढरी होते आणि आपण सगळं घालवलं असं वाटतं. तिथं थांबायचं नसतं. पुढं पांढरी टूथपेस्ट, साइझिंगमधल्या मऊ सुती चिंधीवर जराशी, आणि गोल गोल, दाब न देता. पंधरा मिनिटांनी धुवायचं, उजेडाला धरायचं, पुन्हा घासायचं. पुढे आयुष्यात मी बरीच कामं केली, पण धुक्यातून हळूहळू पलीकडचं दिसू लागतं तो आनंद मला कुठल्या कामात पुन्हा तसा मिळाला नाही. दुसऱ्या दिवशी त्या काचेतून मला खिडकीचे गज दिसले. तिसऱ्या दिवशी गजांवरचं सूतही दिसलं.

आता ती चिकटवायची कशानं हा प्रश्न होता. ती ट्यूब मी हातातही धरणार नव्हते. बाबांचे दोन दिवस तेव्हा पुरे झाले असावेत. मंगळवारी ते छोट्या स्टीलच्या डब्यात साइझिंगची खळ घेऊन आले. दुधासारखी पांढरी, बोटाला बुळबुळीत. "पिठाची नाही ही, दुसरी," ते म्हणाले. "वाळली की काचेसारखी होते. वाफ नाही, काही नाही. आणि चुकलं तर पाण्यानं निघते." मग माझ्याकडे न पाहता त्यांनी आणखी सांगितलं, "पाण्यानं निघतं तेवढंच चुकावं माणसानं." मी टाचणीनं खळ लावली, काच बसवली आणि या वेळी झाकण न लावता वर नुसता मलमलीचा रुमाल टाकला. तासाभरात खळीची पांढरी रेघ नाहीशी झाली. मागची काच बाहेरून घासून लख्ख केली. आतल्या बाजूला बोट पोचेना, काडीला चिंधी बांधूनही पोचेना. अंगठा तिथंच राहिला.

खंडेनवमीला आम्ही तिघं कोनला गेलो. काकांच्या ओट्यावर पाट मांडला होता. त्यावर कोयते, पहार, साइझिंगमधले पाने-पक्कड, आणि मधोमध झेंडूच्या पाकळ्यांवर आमची वीतभर मोटार. शेजारपाजारची माणसं वाकून पाहत होती. दरवर्षी चाकाखाली लिंबू ठेवायची पद्धत. काकांनी लिंबू मोटारीजवळ नेलं आणि स्वतःच थबकले. "आता ह्या लिंबावर चढवली तं गाडीच पलटी व्हायची!"

"वाटाणा ठेवा," आई नकळत बोलून गेली. सगळे हसले. कुणीतरी खरंच आतून हिरवा वाटाणा आणला आणि तो पुढच्या चाकाखाली ठेवला.

"चला वहिनी," काका म्हणाले.

आई जागची हलली नाही. तिचे दोन्ही हात पदराखाली होते. "औंदा माधवीला लावू दे, भाऊ. तिनं केलीय. माझं बोट काचेला लागायचं."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी हळदकुंकवाची कोयरी उचलली आणि तिच्यापुढे धरली.

"लागलं तर लागलं," मी म्हणाले. "मला साफ करता येतं आता."

तिनं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग हात बाहेर काढला, करंगळीशेजारच्या बोटाचं नुसतं टोक हळदीत, मग कुंकवात बुडवलं, आणि बॉनेटवर असे दोन ठिपके ठेवले की काचेपासून केसभर दूर. काकांनी मोटार उचलून डोळ्याला लावली आणि पुढच्या काचेतून अंगणाकडे पाहत राहिले. "साफ हाय," ते म्हणाले. "लांबवर साफ हाय." त्यांना किती दिसत होतं ते मला माहीत नाही. घरी परतताना रिक्षात आईनं माझ्या ओढणीवरचं सूत चिमटीनं काढलं आणि खिडकीबाहेर सोडलं. मी डोळे मिटून घेतले होते. त्या संध्याकाळी टेबलही पुसलेलं होतं.

काकांना जाऊन बरीच वर्षं झाली. गेल्या महिन्यात बाबांना घेऊन मी कोनला गेले, ते मोटार पाहायला, असं मी कुणाला सांगितलं नाही. काकांची सून वनिता हिनं चहा ठेवला आणि विचारायच्या आतच काचेच्या कपाटातून मोटार काढून माझ्या हातात दिली. पांढरा रंग पिवळसर झाला आहे. एक आरसा गेला आहे. बॉनेटवरच्या कुंकवाची नुसती गुलाबी छटा उरली आहे. खळ अजून धरून आहे. मी ती उजेडाकडे वळवली, चष्मा कपाळावर सरकवला, आणि मागच्या काचेत रेषा दिसल्या. एकात एक गेलेल्या, आणि आडवी ती तिरकी खूण. आईच्या हाताचं असं काही आमच्या घरात उरलेलं नाही. तिचे डबे आहेत, पण ते घासून घासून गुळगुळीत झालेले.

"ताई, त्या मागल्या काचेवर डाग हाय बघा," वनिता म्हणाली. ती ओलं फडकं घेऊन आली होती. "दर दसऱ्याला पुसतं मी. जातच न्हाय."

"नाही जायचा," मी म्हणाले. "आतून आहे तो."